हृदयाचा पहिला ठोका

अंधेरी वा घाटकोपर येथील एखाद्या घरी न्याहारीसाठी अंडे फोडताना कोणास हृदयाची आठवण होत नाही. परंतु तेच अंडे फलित असून सुमारे 36 तास उबेत राहिले असते, तर त्यात एक इवलीशी नळी आकुंचन पावू लागली असती. रक्ताभिसरण अजून सुरू व्हावयाचे असते, मज्जातंतू तेथवर पोहोचलेले नसतात. तरी ती स्पंदू लागते. हेच हृदय.

गर्भाच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस हृदयपेशींचे दोन समूह असतात. ते सरकत सरकत मध्यभागी येऊन एकरूप होतात व त्यांची नळी बनते. पुढे ती उजवीकडे वाकते, तिच्यात पडदे उभे राहतात व चार कप्पे सिद्ध होतात. कोणत्या पेशीने केव्हा निघावे व कोठे थांबावे, हे शेजारच्या थरांतून पाझरणारी रासायनिक द्रव्ये ठरवितात.

संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीने स्रवावे व रक्ताने दूर पोहोचवावे असे द्रव्य, अशी आपली समजूत असते. या कोवळ्या गर्भात ग्रंथीही नाही व वाहते रक्तही नाही. मग संप्रेरक कोठून येणार? परंतु 1982 साली कोंबडीच्या अंड्यात व कोवळ्या गर्भातही इन्सुलिन असल्याचे प्रसिद्ध झाले. स्वादुपिंड तयार होण्यापूर्वीच ते द्रव्य तेथे हजर असते. म्हणजे पुढे रक्तातील साखर सांभाळणारे द्रव्य आरंभी वाढीचा निरोप्या असते.

या विषयात महाराष्ट्राचाही वाटा आहे. एडिंबरो येथे वॉडिंग्टन यांच्यापाशी अभ्यास केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा रुजविली. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी कवचाबाहेर वाढविलेल्या गर्भांस इन्सुलिन दिले. त्यांची घडण त्वरेने होते व काही जनुकांचे कार्य बदलते, असे त्यांनी 2004 साली प्रसिद्ध केले. वाढीला निरोप हवा, तसाच तो बेताचाही हवा, असाच याचा अर्थ.

मानवी गर्भाचे हृदय गर्भधारणेनंतर सुमारे 22 व्या दिवशी स्पंदू लागते व आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे कप्पे बहुतांशी घडलेले असतात. पाळी चुकून आठवडा होतो न होतो तोच हृदयाचे काम सुरू झालेले असते. आईचे इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. साखर मात्र जाते. त्या दिवसांत आईच्या रक्तात साखर फार वाढलेली असेल, तर पेशींच्या देवघेवीत बिघाड होऊन हृदयात व्यंग राहण्याचा धोका वाढतो.

सहाव्या महिन्यातील साखरेची तपासणी आवश्यकच आहे. परंतु हृदयाच्या पायाभरणीस ती उशिराची ठरते. यास्तव जिला मधुमेह आहे, किंवा जिच्या माहेरी तो आहे, तिने मूल होऊ देण्याचा विचार करतानाच रक्त तपासून घ्यावे व साखर आटोक्यात आणावी. भिण्याचे कारण नाही. साखर सांभाळणाऱ्या बहुसंख्य मातांची बाळे निकोप हृदयाची जन्मतात. सासूबाईंनी डोहाळजेवणाची तयारी करावी, ती खुशाल करावी. पण सुनेच्या रक्ताची चौकशी त्याच्या कितीतरी आधी व्हावी.