देवलांचा ‘संशयकल्लोळ’

संशय हा मोठा चमत्कारिक पाहुणा आहे. त्याला आमंत्रण लागत नाहीं. आणि एकदां घरांत शिरला म्हणजे तो पुराव्याची वाट पाहत नाहीं, पुरावा स्वतःच तयार करतो. या पाहुण्याची यथेच्छ फजिती गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘संगीत संशयकल्लोळां’त केली आहे.

नाटकाचें बीज परदेशांतलें. फ्रेंच नाटककार मोलिएर यानें १६६० सालीं एका संशयी नवऱ्याचें प्रहसन लिहिलें. त्याच्या आधारें आर्थर मर्फीनें १७६१ सालीं इंग्रजींत एक विनोदी नाटक रचलें, आणि त्यावरून देवलांनीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक केलें. पुढें पदांची जोड मिळून १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनीं तें गाजविलें. त्याच वर्षीं देवल निवर्तले.

पुरुषांना महिन्यांचीं व स्त्रियांना नक्षत्रांचीं नांवें देऊन देवलांनीं परकी कथा थेट आपल्या पंचांगांत आणून बसविली. रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो. तेवढेंच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खालीं पडते. ती कृत्तिका न्याहाळीत असतां नवरा पाहतो. पुढें तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ दिसतांच अश्विनशेठ रेवतीविषयीं साशंक होतो. प्रत्येकजण डोळ्यांनीं पाहिलेलेंच सांगतो, आणि प्रत्येकाचें चुकतें!

परंतु देवलांनीं केलेला खरा फेरफार नांवांत नव्हे, नायिकेंत आहे. मर्फीची नायिका प्रतिष्ठित घराण्यांतली. देवलांची रेवती मघा नायकिणीची मुलगी, आणि अश्विनशेठला तिच्याशीं विवाह करावयाचा आहे. त्या काळीं अशा मुलीच्या वचनावर विश्वास ठेवणारे किती निघाले असते? म्हणून अश्विनशेठच्या संशयांत एका प्रियकराचा मत्सरच नव्हे, तर साऱ्या समाजाचा पूर्वग्रह बोलत असतो.

आणि देवल काय दाखवितात? कुलीन गृहिणी कृत्तिका आणि नायकिणीची मुलगी रेवती, दोघींवर एकाच तसबिरीमुळें आळ येतो, आणि दोघीही सारख्याच निर्दोष ठरतात. उपदेशाचें एकही व्याख्यान न देतां नाटककारानें दोघींना एकाच तागडींत तोललें. प्रेक्षक पोट धरधरून हंसला, आणि हंसतां हंसतां रेवतीच्या बाजूचा झाला.

प्रयोग संपल्यावर तसबीर ज्याची त्याला मिळते. घरीं जातांना आपल्या मनांतली एखादी तसबीर पुन्हां नीट पाहावी, एवढेंच प्रेक्षकाचें काम उरतें.