पिस्तूल उघडता आलं पाहिजे

(आचोळे इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी पिस्तुलावर बोलणार आहे. दचकू नका. मागच्या रांगेत साध्या वेषातला कुणी बसला असेल तर त्यानंही खुशाल ऐकावं, वहीत लिहून घ्यावं. चोरून बोलावं असं यात काही नाही.

आपल्या कवितेत बंदुका फार झाल्या. एकेका अंकात एवढा गोळीबार असतो की संपादकाला कानात बोळे घालून बसावं लागत असेल. पण या कवींना विचारा, बाबा, गोळी सुटते कशी? चाप ओढला की आत काय हलतं? सांगता येणार नाही. ज्याचं पोट आपण कधी उघडून पाहिलं नाही त्याची एकतर भीती वाटते, नाहीतर पूजा करावीशी वाटते. देवाचं तसंच झालं, पोथीचं तसंच झालं. आपल्या बापजाद्यांना पिढ्यान् पिढ्या एकच सांगितलं गेलं : हात लावू नको, आत बघू नको.

मी डॉकवर ठेक्यात हमाली करतो. तिथं आम्हाला शिकवतात काय? उचल. ठेव. स्लिंग लाव, बाजूला हो. विंच बंद पडली की मेकॅनिक येतो आणि आम्ही दहा हात लांब उभे. त्या विंचखाली डोकी आमची असतात, पण तिचं झाकण उघडलेलं बघायची आम्हाला मुभा नाही. मॅट्रिकचं सर्टिफिकेट घरी पत्र्याच्या पेटीत आहे. वाचता येतं मला. पण वाचता येणं वेगळं आणि यंत्राजवळ बसू देणं वेगळं. मधे भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या विटा कुठल्या मातीच्या ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही भिंत माझ्यापुरती एका म्हाताऱ्यानं पाडली. म्हणून आज बोलतोय.

इथंच, आपल्या आचोळ्याच्या एका गल्लीत एक चाचा बंदुका दुरुस्त करतात. शिकलगार. बाप-आजा तलवारीला धार लावणारे. शिकलगार म्हंजे काय ते इथल्या पोरांना ठाऊक नसेल. राजे लढले, सरदार लढले, पोवाडे त्यांचे झाले. पण ज्याच्या सहाणेवर ती तलवार घासली त्याचं नाव कुठल्याच पोवाड्यात नाही. राज्यं बुडाली, 1878 साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला, नि हे लोक सुऱ्या, कात्र्या, कढया, कुलपं-किल्ल्या यांवर आले. चाचांनी मात्र परवाना काढून धंदा टिकवला. परवाना भिंतीवर काचेत लावलाय.

एका रविवारी त्यांच्या दुकानाच्या पाटीची अक्षरं रंगवायला गेलो होतो. कवीला दोन पैसे मिळवायची तेवढीच जागा. ब्रश हातात आणि डोळे आत, टेबलावर. चाचा म्हणाले, "चोरासारखा काय बघतोस? रंग वाळू दे. ये, बस."

बसलो. तेव्हापासून सुट्टी मिळाली की बसतोय. फी नाही, नारळ नाही, अंगठा तर नाहीच नाही. तू कोण, कुणाचा, कुठल्या आळीतला, हेही विचारलं नाही.

पहिला धडा : हातात आलेलं हत्यार भरलेलंच आहे असं समज. देणारा शंभरदा म्हणो रिकामं आहे. स्वतः उघड, स्वतः बघ, मग पुढं. मी म्हणतो, मित्रांनो, हा धडा पुढाऱ्यांच्या भाषणालाही लावा. माझ्याही.

दुसरा धडा वहीचा. दुकानात आलेल्या प्रत्येक हत्याराचा नंबर, मालकाचं नाव, परवाना, तारीख. वहीत नाही ते टेबलावर नाही. कायद्याचं कलम 5 सांगतं की परवान्याशिवाय बंदूक बनवायचीही नाही आणि दुरुस्तही करायची नाही. म्हणून मी जे शिकतो ते त्यांच्या छताखाली, त्यांच्या डोळ्यांसमोर. तिथून एक स्क्रू खिशात घालून बाहेर पडत नाही.

तिसरा धडा नावांचा. नळी, चाप, मूठ. फायरिंग पिन, म्हंजे गोळीच्या बुडावर टोचा मारणारी सळई. एक्स्ट्रॅक्टर, म्हंजे रिकामी पुंगळी ओढून काढणारी नखी. मॅगझिनचे ओठ, ते जरा वाकले की गोळी तिरकी चढते आणि अडकते. नाव घेता आलं नाही तर चाचा पकड हातात देत नाहीत. कानस तर फार उशिरा दिली. म्हणाले, "कानशीनं घासलेलं लोखंड परत येत नाही पोरा. आधी बघायला शीक."

आणि बघितलं तर काय दिसलं? ज्या वस्तूपुढं अख्खी वस्ती थरथरते, पिक्चरमधला हिरो जिच्या जोरावर हिरो होतो, ती उघडली की आत तीन-चार स्प्रिंगा, पिना आणि मळ. बिघाड म्हंजे बहुतेक वेळा गंज, वाळलेलं तेल, थकलेली स्प्रिंग. आपल्याकडं खाडीची खारी हवा. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तिथल्या दमट खोलीत पडून राहतात, आणि परत आल्या की चाचांच्या दुकानात रांग. लोकशाहीचा गंज चाचा रॉकेल आणि ब्रशानं काढतात.

असल्याच एका दिवशी एक जमीनदार आला. आजोबाची दुनळी बंदूक. माझ्याकडं बघून म्हणाला, "हा पोरगा कुणाचा?" मीच सांगितलं कुणाचा. त्याचं तोंड आंबलं. म्हणाला, "चाचा, आमच्या घरात खंडेनवमीला हिची पूजा होते. तुम्ही स्वतः हात लावा." चाचांनी बंदूक परत त्याच्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "मग पूजाच करा. पूजेनं गंज निघाला तर मलाही सांगा." गेला. आठवड्यानं परत आला. त्याच्या पूजेच्या बंदुकीचा गंज या हातांनी काढलाय, हे बघा हे हात.

आता तुम्ही म्हणाल, हा एक भला म्हातारा, त्याचं एवढं काय? तर पुण्याची एक गोष्ट ऐका.

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी साळवे यांची तालीम होती. जन्म 1794 चा, मांग समाजातला. बाप राघोजी 1817 च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडला. आणि याच पुण्याबद्दल 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिनं लिहून ठेवलंय. जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली मुलगी, लहुजींच्याच घराण्यातली. ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात महार-मांग तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होत असे. म्हंजे तालमीत शिरणं सोडा, दारावरून जायची शिक्षा मुंडकं.

अशा गावात मांगाचा पोर स्वतःची तालीम काढतो. दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी. आणि शिकवतो कुणाला? जोतिबा फुले तिथं शिकला, माळी. वासुदेव बळवंत फडके तिथं शिकला, ब्राह्मण. ज्यांच्या तालमींनी लहुजीच्या माणसांची डोकी उडवली, त्यांच्यातला पोरगा शिकायला आला तर लहुजीनं दार लावलं नाही. ज्याला काही मिळालं नाही तो दार सताड उघडं ठेवतो, आणि ज्याच्या घरात सगळं भरलंय तो कड्या घालून बसतो. माझ्या चाचांचं मूळ मला त्या तालमीत दिसतं.

आणि बघा, त्या तालमीतून निघालं काय? जोतिबानं तलवार फिरवून पुणं जिंकलं नाही. 1848 ला मुलींची शाळा काढली. 1856 मध्ये त्याला मारायला मारेकरी आले, तेच पुढं त्याचे साथी झाले. लहुजीच्या घरातली पोर तर निबंध लिहून बसली. हत्यार हाताळायला शिकलेल्या माणसांचा धीर त्या शाळेच्या पाठीशी होता. तो धीर आपल्याला पाहिजे.

आमच्या महारांचं तर विचारूच नका. बंदूक हातात देणं आणि काढून घेणं हा खेळ आमच्याशी किती वेळा झाला! कंपनीच्या फौजेत महार लढले. 1892 च्या सुमाराला इंग्रजांनी भरती बंद केली, म्हणे तुम्ही लढवय्ये नाही. पहिलं महायुद्ध पेटलं आणि माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला महारांची पलटण उभी केली. युद्ध संपलं, 1921 ला मोडली. दुसरं महायुद्ध पेटलं, बाबासाहेबांनी रेटा लावला, 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की हे हात चालतात, गरज संपली की विटाळ. बाबासाहेबांनी 1936 साली जातीच्या निर्मूलनावर लिहिताना हेच दाखवलं की या देशातल्या खालच्या माणसानं बंड केलं नाही, कारण त्याच्यापासून शस्त्रही काढून घेतलं होतं आणि विद्याही. दोन्ही एकत्र वाचा. शस्त्राची विद्या ही शेवटी विद्याच आहे.

आता आजचं बोलतो, आणि हे जरा नीट ऐका.

मागच्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतला एक पोरगा चाचांकडं आला. नाव नाही सांगत, त्याची आई इथं बसलेली असू शकेल. शर्टाखालून कागदात गुंडाळलेला कट्टा काढला. "घोडा अडकतोय, सरळ करून द्या." गाडीच्या स्टिअरिंगचा पाइप कापून केलेली नळी. चाचांनी हातही लावला नाही. म्हणाले, "याला दुरुस्ती नसते. हा तुझाच पंजा घेऊन जाईल. आणि पंजा वाचला तर तू जाशील." पोरगा मला म्हणाला, "तू तर आपला माणूस ना? रात्री करून दे."

मी नाही केलं. त्याला चहा पाजला आणि विचारलं, हे दिलं कुणी? एका बिल्डरच्या माणसानं. प्लॉटवर उभं राहायचं, शर्ट जरा वर करायचा, बस. रोज पैसे. मी म्हटलं, ज्यानं दिलं त्याच्या कमरेला परवान्याचं आहे, तुझ्या कमरेला पाइप. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्यार बनवणं, दुरुस्त करणं याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. धाड पडली तर आत तू आणि तुझा दुरुस्तीवाला, तो बिल्डर नाही. साल्यांनी आपल्या पोरांना दारावरचं कुत्रं करून ठेवलंय आणि पोरांना वाटतंय आपण वाघ झालो.

पोलिसांची बंदूक सरकारी असते. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं रस्त्यावर आली, आणि राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा जण मेले. तिथं कुणाच्या खिशात कट्टा असता तर दहाचे शंभर झाले असते, आणि वर सरकारला सांगायला गोष्ट मिळाली असती. तेव्हा कट्ट्यानं आपलं रक्षण होतं हे मला कुणी शिकवू नये.

मग करायचं काय?

एक. अॅट्रॉसिटी कायद्याची 1995 ची नियमावली काढा आणि तिसरा नियम वाचा. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं सवर्णांच्या बंदुकांचे परवाने रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा, आणि जरूर पडली तर दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने द्या, असं सरकारनंच छापून ठेवलंय. किती कलेक्टरांनी हे पान उलटलं? पालघर जिल्हा 2014 साली झाला. आपल्या कलेक्टर कचेरीत जाऊन लेखी विचारू : जिल्ह्यात परवाने किती, कुणाच्या नावावर, तिसऱ्या नियमाखाली रद्द किती केले? कट्टा घेऊन फिरणाऱ्यापेक्षा हा अर्ज घेऊन जाणाऱ्याला ते जास्त घाबरतील. करून बघा.

दोन. दर रविवारी या खोलीत एक टेबल मांडू. पिस्तूल नाही. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, वायरिंग, मोबाइल. ज्याला जे येतं त्यानं ते उघडून दाखवायचं. फी नाही, नारळ नाही. चाचा यायला तयार आहेत, कुलपं शिकवणार आहेत. पोरींनी पुढच्या रांगेत बसायचं. घरात मिक्सर त्या चालवतात आणि उघडायला शेजारच्या पोराला बोलावतात, हे बंद.

तीन. तो पोरगा. त्याला वाळीत टाकायचं नाही. त्यानं तो कट्टा खाडीत फेकला असं तो म्हणतो. पहिला धडा आठवा, मी अजून विश्वास ठेवलेला नाही. पण पुढच्या रविवारी तो टेबलाशी आला तर त्याच्या हातात पकड द्यायची.

रुळापलीकडं सोपारा आहे. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथं सापडला. त्या लेखात राजा सांगतो की आधीचे राजे शिकारीच्या सहली काढायचे, आपण ते सोडून धम्माच्या यात्रा सुरू केल्या. वाचायला बरं वाटतं. पण सोडायला आधी हातात असावं लागतं. अशोकाच्या हातात सगळं होतं, म्हणून त्याच्या सोडण्याला किंमत आली. आपल्या हातात कुणी काही दिलंच नाही, आणि वर शांततेचे धडे आपल्यालाच. मी पिस्तूल उघडायला शिकलो, पुसायला शिकलो, जोडायला शिकलो, आणि जोडून मालकाला परत देतो. कमरेला लावावंसं वाटत नाही. आत काय आहे ते मी पाहिलंय.

टेबल कुणाकडं आहे? पक्कड, स्क्रू ड्रायव्हर कोण आणतो? ही वही फिरवतोय, नावं लिहा.

जय भीम.