अद्भुतरस आणि बालप्रेक्षक



ज्या शाळेच्या हजेरीपटावर कधीकाळी माझे नाव होते, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी आयुष्यभर बेळगावात मराठी शिकवले. त्यामुळे मी संतवाङ्मयावर किंवा नवकाव्यावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी आज विषय निवडला आहे तो वरवर पाहता किरकोळ वाटेल असा. सहकुटुंब पाहण्याचा म्हणून जाहिरात झालेला एखादा अद्भुतरम्य, साहसी चित्रपट लहान मुलांना दाखवावा की दाखवू नये, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न घरोघरी दर सुट्टीत पडतो आणि बहुधा दोन मिनिटांत निकालात निघतो. तो अधिक विचार करण्याजोगा आहे, असे माझे नम्र मत आहे. या मताला मी एका चुकीतून आलो, तेही आरंभीच कबूल करतो.

गुरुजींपासूनच सुरुवात करतो. पावसाळ्यात निपाणीच्या आभाळाला भोक पडले की वर्गात अंधारून यायचे, फळा दिसेनासा व्हायचा. मग गुरुजी पुस्तक मिटवून गोष्ट सांगू लागायचे. गोष्टीत राक्षस असायचा, वाघ असायचा, विहिरीतली हडळही असायची. राक्षस गुहेच्या तोंडाशी आला की गुरुजी क्षणभर थांबत आणि पहिल्या रांगेतल्या सर्वांत लहान मुलाच्या तोंडाकडे पाहत. ते तोंड रडवेले दिसले, तर राक्षसाला हटकून शिंक यायची आणि सगळा वर्ग हसायचा. ते तोंड नुसतेच आ वासलेले असेल, तर राक्षस आणखी एक पाऊल पुढे यायचा. तेव्हा मला ही गंमत वाटे. पुढे काव्यशास्त्र शिकवताना उमगले की गुरुजी त्या क्षणी फार मोठे काम करीत होते. विस्मयाचे भयात रूपांतर नेमके कोठे होते, ती सीमारेषा ते एका मुलाच्या चेहऱ्यावर शोधीत होते.

भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत अद्भुताचा स्थायिभाव विस्मय आणि भयानकाचा स्थायिभाव भय. अद्भुतरम्य साहसकथा या दोहोंच्या सीमेवर उभी असते. परंतु भय ही भावना वेगळी आणि भयानक रस वेगळा. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातले, दुष्यंताच्या बाणाला भिऊन पळणारे हरिण घेतले आहे. वाचकाला त्या हरणाचे भय जाणवते; पण ते ‘माझे’ भय नसते, कारण बाण माझ्यावर रोखलेला नाही हे मला ठाऊक असते. ही जाणीव असेल तरच रसास्वाद संभवतो. प्रौढ माणसाला ती सहज असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती असतेच असे नाही. त्याला विचारले तर ‘खोटं खोटं आहे’ असे ते सांगेल. परंतु काळोखात पडद्यावरचा वाघ झेपावला की ते ज्ञान त्याच्या हाती उरत नाही. आपण शेजारी बसून भयानक रस अनुभवीत असतो. ते मूल मात्र नुसते भीत असते. एकाच रांगेत, एकाच दराच्या तिकिटावर, दोन निरनिराळे चित्रपट चाललेले असतात.

आता माझी चूक सांगतो. सन १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. आपल्या सीमाभागात मराठी चित्रपट पाहणे ही केवळ करमणूक नसते, हे मी आपणास सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण ज्या राज्यात गेलो, तेव्हापासून मराठी पाटी, मराठी शाळा, मराठी नाटक आणि मराठी सिनेमा या आपल्या अस्मितेच्या खुणा झाल्या आहेत. मराठी चित्रपट लागला की तो पाहायचा, मुलाबाळांसह पाहायचा, हे एक कर्तव्यच. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चित्रपट, म्हणजे विनोदी; त्यात रामदास पाध्ये यांचा बाहुला, म्हणजे मुलांचाच! असा सरळ हिशेब करून मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो.

त्या चित्रपटात मरणाच्या दारी असलेला एक गुंड मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेक्षागृह हसत होते, मीही हसत होतो. मुलगी माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती. तिला मजा वाटते आहे असे मी समजलो. त्या रात्रीपासून तिने आपली चिंध्यांची बाहुली कपाटात बंद करायला लावली. पुढे कपाटाच्या खोलीतही ती एकटी जाईना. आणि मी, अलंकार आणि रस शिकवणारा प्राध्यापक, तिला हसलो. पाहुण्यांसमोर ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. तिची भीती काही महिन्यांनी गेली. मी हसलो होतो, हे मात्र तिच्या मनातून गेले नव्हते. ते मला तेवीस वर्षांनी कळले. त्याकडे मी नंतर येतो.

यात त्या चित्रपटाला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. थोड्या मोठ्या मुलांनी तो डोक्यावर घेतला, आणि २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमिती स्वरूपात आला. मला उमगला तो एक वेगळाच भेद. ज्या दिलीप प्रभावळकरांनी या चित्रपटात तात्या विंचू हा गुंड रंगवला, त्यांनीच रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण साकारली होती. मुले त्या चेटकिणीला भीत आणि तिच्यावर लुब्धही होत. असे का? चेटकीण राहते दूरच्या, कल्पनेच्या राज्यात. नाटक संपले की ती तिथेच राहते. बाहुली मात्र आपल्या घरात, आपल्या उशाशी असते. म्हणून माझा पहिला निकष असा : भयाची वस्तू कोठली आहे? राक्षस, अजगर, जंगलातला वाघ यांचे भय मुलाला पेलते, कारण ते घराबाहेरचे आहे. खेळणे, पलंगाखालचा अंधार, आईचा बदललेला चेहरा यांतून भय निर्माण केलेले असेल, तर ते मुलाबरोबर घरी येते.

दुसरा निकष शोधायला मी आपणास भारतीय चित्रपटाच्या उगमापाशी नेतो. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट. एक लहान मूल डोहात उतरून प्रचंड नागाशी झुंजते, म्हणजे आजच्या भाषेत अद्भुतरम्य साहसपटच. कृष्णाची भूमिका फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके आधी या मुलीचाच चेहरा दाखवतात. ती निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग ती कृष्ण होते. फाळक्यांचा हेतू कदाचित आपल्या लेकीचे अभिनयकौशल्य दाखवण्याचा असेल. पण त्यामुळे प्रेक्षागृहातल्या प्रत्येक मुलाला आधीच कळते की ही आपल्यासारखीच एक मुलगी आहे आणि आता ती सोंग घेणार आहे. आपल्याकडे दशावतारात किंवा सोंगी भजनात, रंगवलेला राक्षस विडी ओढताना मुलांना आधीच दिसलेला असतो, तसेच हे. तेव्हा दुसरा निकष : हे सोंग आहे, हे मुलाला आधी कळले आहे काय? चित्रपट ते सांगत नसेल, तर ते सांगण्याचे काम वडीलधाऱ्यांचे.

तिसरा निकष वियोगाचा. तलवारी आणि आगीचे लोळ यांनी मूल जितके भीत नाही, तितके ते आईबापांच्या मरणाने किंवा हरवण्याने भिते. चौथा निकष काळाचा : भय निर्माण झाल्यावर दिलासा किती वेळाने मिळतो? भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत वाघ भेटतो, पण पुढच्या दोन वाक्यांत म्हातारी त्याला चकवते. चित्रपटात तोच दिलासा दीड तास लांबणीवर पडतो. मोठ्यांना ती उत्कंठा असते, चिमुकल्यांना तो छळ होतो.

आता एक सार्वजनिक उदाहरण घेऊ. ८ एप्रिल २०१६ रोजी ‘द जंगल बुक’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. आपल्या सेन्सॉर मंडळाने त्याला निर्वेध ‘यू’ प्रमाणपत्र न देता ‘यू/ए’ दिले. त्रिमितीत प्राणी अंगावर धावून आल्यासारखे वाटतात आणि मुले भितील, असे कारण मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी दिले. देशभर त्यांची थट्टा झाली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा मोगली, दूरदर्शनमुळे घराघरांत पोचलेला मोगली, तो मुलांना घातक कसा? परंतु अमेरिकेतही त्या चित्रपटाला पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना देणारी श्रेणीच मिळाली होती, हे थट्टेच्या भरात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. त्यात शेरखान मोगलीच्या बापाला मारतो. लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला कड्यावरून फेकून देतो. ‘यू/ए’चा अर्थ बंदी असा नव्हताच. बारा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विचार करावा, एवढाच तो होता. पुढे २०२३ च्या कायदादुरुस्तीने या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग पाडले, ते योग्यच झाले. तरीही मंडळ चित्रपट पाहते, तुमचे-आमचे मूल काही पाहत नाही. एकाच घरातली सात वर्षांची दोन भावंडे सारखी नसतात.

या उदाहरणात आपल्या भागापुरता आणखी एक पदर आहे. आपली मुले घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि शाळेत कधी कन्नड तर कधी इंग्रजी बोलतात. हा चित्रपट अनेकांनी हिंदीत पाहिला. शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता. पाच वर्षांच्या मुलाला ते हिंदी कितीसे कळणार? ज्याला संवाद कळत नाही त्याला धीर देणारी वाक्ये कळत नाहीत, डरकाळी मात्र पूर्ण कळते. म्हणून पाचवा निकष भाषेचा. जो चित्रपट मुलाच्या भाषेत नाही, तो त्याच्यासाठी एक-दोन वर्षांनी मोठाच समजावा.

आणि नावावरून कधीही निर्णय करू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा मुलांचा लाडका नायक; पण २०१७ मध्ये त्याच नावाचा जो चित्रपट आला, त्याचा विषय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला गैरव्यवहार आणि खून असा होता. चित्रपट चांगला, पण तो फेणेच्या बालवाचकांच्या वयाचा नव्हता. शिवाय आपण ‘स्वच्छ’ चित्रपट म्हणतो, तेव्हा काय पाहतो? प्रेमाचा प्रसंग आला की आपण मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवतो. खून होतो तेव्हा तोच हात शेंगदाण्याच्या पुडीत असतो.

यावर कोणी म्हणेल की मुलांना एवढे जपले तर ती भित्री होतील. आपणही भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. या आक्षेपात तथ्य आहे. भयाशिवाय साहस नाही, आणि साहसाशिवाय बालपण बेचव. परंतु आपण त्या गोष्टी कोठे ऐकल्या? आजीच्या मांडीवर, गोधडीत. मी लहानपणी तंबूतले सिनेमे पाहिले. वाळूवर बसायचे, भीती वाटली की आईच्या पदरात तोंड खुपसायचे, नाहीतर कनातीखालून बाहेर सटकून चांदण्यात उभे राहायचे. आजच्या बंदिस्त, गडगडत्या प्रेक्षागृहाला कनात नाही. आणि तिकिटे एवढी महाग, की मध्येच उठणे बापाच्या जिवावर येते.

हे मला माझ्याच मुलीने शिकवले. २०१६ मध्ये ती आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन हाच ‘जंगल बुक’ पाहायला निघाली, मीही बरोबर होतो. आदल्या रात्री तिने त्याला सगळी गोष्ट शेवटासकट सांगून टाकली. खुर्च्या रांगेच्या टोकाच्या घेतल्या. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात मुलगा गप्प झाला. तिने पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहिले आणि त्याला उचलून ती बाहेर आली. मी मागोमाग आलो आणि म्हणालो, “अगं, एवढे पैसे भरलेत, थोडाच राहिला होता.” ती म्हणाली, “उरलेला सिनेमा कुठं पळून जाणार आहे, बाबा? मोठा झाला की बघेल.” मग जरा थांबून म्हणाली, “मी भ्यायले होते ना, तेव्हा तुम्ही हसला होता.”

श्रोतेहो, मला उत्तर सुचले नाही. गुरुजी पहिल्या रांगेतल्या मुलाच्या तोंडाकडे पाहत असत, ते पाहणे मी विद्यार्थी असून शिकलो नव्हतो. जिने गुरुजींना पाहिलेही नव्हते, ती शिकली होती.

तेव्हा मुलांना चित्रपट दाखवा. मराठी चित्रपट तर अगत्याने दाखवा. पण आधी एकदा स्वतः पाहा, किंवा पाहिलेल्याला नीट विचारा. गोष्ट आधी सांगा. टोकाची खुर्ची घ्या. आणि दिवे मालवले की अधूनमधून पडद्याकडून नजर काढून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. ते उठायचे म्हणाले तर हसू नका, उठा. गुरुजींच्या स्मृतीला यापेक्षा उचित अभिवादन मला सुचत नाही.