आवर्ती कोष्टकातील क्रमांकाचे रहस्य

रसायनशास्त्राच्या पुस्तकातील आवर्ती कोष्टक काढून पाहिले, तर त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आहे, तर आयोडीनचा १२६.९. म्हणजे आयोडीन हे दोहोंपैकी हलके. तरीही कोष्टकात टेल्युरियम आधी आणि आयोडीन नंतर मांडलेले आहे. ही छापण्यातील चूक नव्हे. या लहानशा विसंगतीचा उलगडा होण्यास सुमारे साठ वर्षे लागली, आणि तो होता होता अणूच्या अंतरंगाचेच दर्शन शास्त्रज्ञांना घडले.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री मेंडेलीव्ह हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत असताना मूलद्रव्यांची सुसंगत मांडणी कशी करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. १८६९ साली त्यांनी ती अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने तेच ते गुणधर्म पुन्हा प्रकट होतात, असे त्यांना दिसून आले. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे तिन्ही धातू मऊ व पाण्याशी त्वरित संयोग पावणारे. ते एका गटात आले. क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांचाही असाच एक गट झाला.

मेंडेलीव्ह यांचे धैर्य दोन गोष्टींत दिसते. जेथे योग्य गुणधर्मांचे मूलद्रव्य मिळाले नाही, तेथे त्यांनी जागा मोकळी सोडली. अशा जागांना नावे देताना त्यांनी संस्कृतातील ‘एक’ हा शब्द योजिला, हे भारतीय विद्यार्थ्यांना कौतुकाचे वाटेल. अॅल्युमिनियमच्या खालची जागा ‘एक-अॅल्युमिनियम’ची, सिलिकॉनच्या खालची ‘एक-सिलिकॉन’ची. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, ते हेच एक-अॅल्युमिनियम. शोधकाने त्याची घनता ४.७ भरल्याचे जाहीर केले. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे प्रतिपादन केले. आणि नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजमाप घेतले, तेव्हा ती ५.९ च भरली! पुढे १८८६ मध्ये जर्मनीत जर्मेनियमचा शोध लागून एक-सिलिकॉनची जागाही भरली.

दुसरी गोष्ट टेल्युरियमची. आयोडीन हे गुणधर्मांनी क्लोरीनचे सगोत्र आहे; म्हणून अणुभार विरुद्ध जात असतानाही मेंडेलीव्ह यांनी ते क्लोरीनच्याच गटात ठेवले. टेल्युरियमचा अणुभार मोजण्यात चूक झाली असावी, असे त्यांचे मत होते. त्यांचा निर्णय बरोबर ठरला, पण कारण चुकीचे ठरले. मोजमापात चूक नव्हती. पुढे १८९४ मध्ये आरगॉन वायू सापडला, तेव्हा तोही पोटॅशियमहून जड निघाला. अणुभार हाच जर क्रमाचा पाया, तर हे अपवाद का उद्भवावेत?

या प्रश्नाचे उत्तर अणूच्या आत दडलेले होते. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी असे दाखविले की, अणूचा जवळजवळ सर्व भार त्याच्या मध्याशी असलेल्या अतिसूक्ष्म केंद्रकात साठविलेला असतो व त्या केंद्रकावर धन विद्युत्भार असतो. कोष्टकातील स्थानाचा क्रमांक म्हणजेच या धनभाराची संख्या असावी, अशी कल्पना व्हान डेन ब्रूक या डच अभ्यासकाने मांडली. तिची प्रायोगिक कसोटी घेतली ती हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने.

मोस्ले यांनी १९१३ मध्ये एकेका मूलद्रव्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यातून निघणारे क्ष-किरण तपासले. प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण स्वतःच्या विशिष्ट कंपनसंख्येचे असतात. त्या कंपनसंख्यांची वर्गमुळे काढली असता ती एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जवळजवळ समान अंतराने वाढत गेली. जणू जिन्याच्या सारख्या उंचीच्या पायऱ्याच! कोबाल्ट निकेलहून किंचित जड असूनही या जिन्यावर ते आधी, २७ व्या पायरीवर आले आणि निकेल २८ व्या. वजनाचा क्रम मागे पडला आणि अणुक्रमांक सिद्ध झाला. ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्या रिकाम्या आहेत, हेही मोस्ले यांना दिसून आले.

आज हा क्रमांक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या, हे सर्वांना ठाऊक आहे. तितकेच इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती थरांनी असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, तर पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे विभागलेले असतात. दोहोंच्या बाहेरच्या थरात एकच इलेक्ट्रॉन. म्हणून स्वभाव सारखा. गुणधर्मांच्या पुनरावृत्तीचे मर्म ते हेच.

राहिला अणुभार. १९३२ मध्ये चॅडविक यांनी विद्युत्भाररहित न्यूट्रॉन शोधून काढला आणि तेही कोडे सुटले. टेल्युरियममध्ये ५२ प्रोटॉन, आयोडीनमध्ये ५३. परंतु नैसर्गिक आयोडीनच्या अणूत ७४ न्यूट्रॉन असतात, तर टेल्युरियमच्या सुमारे दोन-तृतीयांश अणूंत ते ७६ किंवा ७८ असतात. वजन वाढते ते या अधिक न्यूट्रॉनांमुळे. क्रमांक ठरतो तो प्रोटॉनांवरून.

हा उलगडा मोस्ले यांना पाहावयास मिळाला नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात दाखल झाले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोली येथे शत्रूच्या गोळीस बळी पडले. त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. त्यांनी दाखविलेल्या रिकाम्या जागा मात्र एकामागून एक भरत गेल्या: ७५ वे ऱ्हेनियम १९२५ मध्ये, ४३ वे टेक्नेशियम १९३७ मध्ये आणि ६१ वे प्रोमेथियम १९४५ मध्ये. २०१६ साली चार नव्या मूलद्रव्यांची नावे मान्य झाली आणि ११८ व्या क्रमांकापर्यंतची सातवी ओळ पूर्ण झाली.

आता विद्यार्थ्यांनी एक करावे. कोष्टकातील आरगॉन व पोटॅशियम या शेजाऱ्यांकडे पाहावे. आरगॉनचा क्रमांक १८ आणि त्याच्या बहुतेक अणूंचा भारांक ४०. पोटॅशियमचा क्रमांक १९ आणि बहुतेक अणूंचा भारांक ३९. भारांकातून क्रमांक वजा केला की न्यूट्रॉन किती, ते कळेल. आणि आरगॉन जड असूनही आधी का येतो, याचे उत्तर ज्याचे त्यालाच वहीत सापडेल.