ल्युपस : देहाचा स्वतःशीच कलह



ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आरोग्याचा विचार करताना, समाजात ज्याविषयी फारसे बोलले जात नाही अशा एका व्याधीचा परिचय करून घेणे उचित ठरेल. या व्याधीचे नाव आहे ल्युपस.

रोगजंतूंपासून रक्षण करण्यासाठी निसर्गाने देहाला प्रतिकारशक्ती दिली आहे. ल्युपसमध्ये या पहारेकऱ्यालाच आपला-परका हा भेद कळेनासा होतो. पेशींच्या केंद्रातील डीएनएविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात आणि सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड यांना इजा पोहोचते. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यातील. दीर्घकाळ राहणारा ताप, सांधेदुखी, केस गळणे, उन्हात गेल्यावर गालांवर उमटणारा फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा ही त्याची काही लक्षणे होत.

या व्याधीचे मोलाचे संशोधन आपल्याच मुंबईत झाले आहे. विठ्ठलवाडीहून लोकलने परळला उतरले की के. ई. एम. रुग्णालय जवळच आहे. त्याच आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगासमोर आणला. त्यानंतर 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून या संस्थेचा आरंभ झाला. येथील संशोधिका डॉ. वंदना प्रधान यांनी रुग्णालयातील डॉक्टरांच्या सहकार्याने पश्चिम भारतातील ल्युपसच्या रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचा मागोवा घेतला आहे. पुढे त्यांनी जनुकांकडेही लक्ष वळविले. प्रतिपिंडांची जाळी साचली की ती उचलून नेण्याचे काम पेशींवरील 'एफसी गॅमा' ग्राहके करतात. या ग्राहकांच्या जनुकांतील भेद आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध त्यांनी तपासला. परदेशातील रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष आपल्या लोकांना जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. म्हणून या कार्याचे महत्त्व विशेष.

'जनुक' हा शब्द कानी पडताच घरोघरी भीती दाटते. मुलीचा आजार लपविला जातो, जुळत आलेले लग्न मोडते, सुनेच्या माहेराला दोष दिला जातो. विज्ञान मात्र निराळेच सांगते. जन्मतः 'सी1क्यू' हे प्रथिन मुळीच नसणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना ल्युपस होतो, हे खरे. परंतु असे रुग्ण अत्यंत विरळ. एरवी अनेक जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. त्यात संप्रेरके, सूर्यप्रकाश, जंतुसंसर्ग यांची भर पडते. सर्वार्थाने सारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला ल्युपस झाला, तरी दुसरी पुष्कळदा निरोगी राहते. एका कार्यास अनेक कारणे असतात, ही दृष्टी अनेकान्त मानणाऱ्या समाजाला नवी नाही. मग एकट्या सुनेला वा तिच्या कुळाला दोष देणे कोणत्या न्यायात बसते?

तपश्चर्येच्या संदर्भात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पर्युषणात अठ्ठाईच्या उत्साहात गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड औषधे एकाएकी थांबविणे प्राणावर बेतू शकते. शिवाय, मूत्रपिंडाची हानी प्रारंभी वेदनारहित असते. लघवीतील प्रथिनांच्या साध्या तपासणीने ती लवकर उमगते. म्हणून तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुभगवंतांना आजाराची पूर्ण कल्पना द्यावी. पच्चक्खाणात आगारांची योजना पूर्वाचार्यांनी करुणेनेच केली आहे. आजारी देहाला झेपेल तेवढाच तप करणे म्हणजे धर्मापासून ढळणे नव्हे. स्वाध्याय, सामायिक, मौन यांची वाट सदैव मोकळीच आहे.

ल्युपस समूळ बरा होत नाही. तथापि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी औषधे आणि नियमित तपासणी यांमुळे तो पुष्कळदा आटोक्यात राहतो. आजार शांत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अनेक स्त्रिया सुखरूप माताही होतात.

अहिंसेचा उच्चार आपण नित्य करतो. रुग्ण कन्येला लागणारा टोमणा हीही हिंसाच होय. सुवर्ण महोत्सवाच्या या वर्षी, आपल्या कॅम्प 4 मधील एकाही घरात आजार लाजेखातर लपविला जाणार नाही, एवढा संकल्प समाजाने केला, तरी हा उत्सव सार्थ होईल.

जय जिनेंद्र!