सरांच्या नावावर किती विजय?



सरांच्या संघांनी किती सामने जिंकले, तो आकडा मघाशी वाचून दाखवला. मला तो मान्य नाही. सर, हसू नका!

मार्च 2025 मध्ये नागपुरात केरळविरुद्धचा रणजी अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातल्या 379 विरुद्ध 342 या आघाडीवर आपला विदर्भ विजेता ठरला. आता प्रशिक्षक उस्मान गनी यांचे नुसते जिंकलेले सामने मोजले, तर करंडक देणारा सामनाच गळतो!

आपल्या शाळेच्या वहीतही दोनच रकाने होते: जिंकले, हरले. अनिर्णित राखलेले सामने गेले कुठे? आणि सरांनी आठवीत घडवलेली पोरं पुढे गोंदियात कॉलेजकडून जिंकली, ते विजय तिथल्या प्रशिक्षकांच्या नावावर. स्मरणिकेत आकडा छापायचाच असेल, तर आधी आपण सगळे बसून तो पुन्हा मोजू.