शटलकॉकमधला कोंबडा आला कुठून?

  आजचा शब्द, शटलकॉक. शाळेत यावर कोण कोण हसलंय? सगळेच. हसून झालं असेल तर शब्दाचे दोन तुकडे करू.

पहिला तुकडा, शटल. विरार-डहाणू गाडीला आपल्याकडचे जुने प्रवासी अजून शटलच म्हणतात. इथून तिथे, तिथून इथे. पण रेल्वेच्या कितीतरी आधी शटल म्हणजे मागावरचा धोटा. उभ्या ताण्यामधून आडवा दोरा घेऊन तो सारखा पळत असतो. वसई-दिवा गाडी ज्या भिवंडीवरून जाते ना, ते गाव अशाच मागांवर उभं राहिलं. आणखी मागे गेलात तर जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ होता बाण. ‘शूट’चा भाऊबंद!

दुसरा तुकडा, कॉक. म्हणजे कोंबडाच. बुचात पिसं खोचली की ते पाखरासारखं दिसतं, म्हणून. थोडक्यात, धोट्यासारखा ये-जा करणारा पिसांचा कोंबडा.

हा शब्द सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. बॅडमिंटन त्याच्यापेक्षा तीनेकशे वर्षांनी लहान. आधीच्या खेळाचं नाव होतं ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’. त्यात शटल खाली पडू द्यायचं नाही, बस. आणि बॅटलडोर म्हणजे मुळात काय, माहितीये? धुणं बडवायची लाकडी फळी. आपलं धोपाटणं!

मग 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी जाळी लावून हा खेळ खेळू लागले, नियमही केले. खेळाला ‘पूना’च म्हणायचे. पण इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ ब्यूफोर्टचा एक वाडा होता, बॅडमिंटन हाउस. शेवटी नाव चिकटलं ते त्या वाड्याचं. पुणं मागे पडलं.

मला यातली गंमत ही वाटते: खेळाला नाव उमरावाचं मिळालं, पण हातातल्या सामानाला नाव दिलं विणकराने आणि धुणं धुणाऱ्या बाईने. त्यातलं विणकराचं नाव अजून टिकून आहे.

आज सामन्यातल्या शटलला 16 पिसं असतात. सोसायटीत आपण खेळतो ते प्लॅस्टिकचं, त्याला पीस एकही नाही. आपण नुसतं ‘शटल’ म्हणतो, तेही बरोबरच. कोंबडा उडाला, धोटा उरला! आणि मराठीने तर त्याला थेट ‘फूल’ म्हटलं.

तुमच्या गल्लीत काय म्हणतात? कळवा. भेटू पुढच्या भागात!